केरीतील ओघम शिळा नकाशावर नोंदवताना : चार दिवसांचा वृत्तांत

नोकरीनिमित्त मी आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहतो. मे महिन्याच्या मध्यात चार दिवसांची सुट्टी जुळली तेव्हा एका सहकाऱ्याला सोबत घेऊन मी शेजारच्या केरी काउंटीत गेलो. तेथील ओघम शिळा प्रत्यक्ष पाहाव्यात आणि ज्यांची नोंद ओपनस्ट्रीटमॅपवर (स्वयंसेवकांनी मिळून तयार केलेल्या मुक्त ऑनलाइन नकाशावर) नाही किंवा चुकीच्या जागी आहे, त्यांची नोंद नीट करावी, एवढाच हेतू होता. ओघम ही साधारणपणे चौथ्या ते सातव्या शतकांत दगडाच्या कडेवर कोरली जाणारी लिपी आहे. आज सुमारे 400 ओघम लेख शिल्लक असून त्यांतील बहुतेक आयर्लंडच्या दक्षिण भागात आहेत.

डिंगल गावाच्या बाहेर, टेकडीवरील बॅलिंटॅगर्टच्या गोल आवारात आमचा सर्वाधिक वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. येथे नऊ शिळा आहेत. त्या उभ्या खांबांसारख्या नसून समुद्राच्या लाटांनी गुळगुळीत केलेल्या, गवतात आडव्या पडलेल्या गोलसर दगडांच्या आहेत. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते आणि अर्ध्या रेघा दिसतच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता परत गेलो, तेव्हा तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेला स्वतःची सावली पडली होती. आयरिश पुरातत्त्वज्ञ मॅकॅलिस्टर यांनी 1945 साली प्रसिद्ध केलेल्या शिलालेखांच्या सूचीत 157 क्रमांक असलेल्या शिळेची सुरुवात आम्ही बोटांनी मोजत वाचली (दगडाला स्पर्श न करता, हे सांगायला हवे): कडेच्या डावीकडे दोन रेघा म्हणजे ‘ड’, कडेवरच दोन खाचा म्हणजे ‘ओ’, उजवीकडे तीन रेघा म्हणजे ‘व्ह’, चार खाचा म्हणजे ‘ए’, डावीकडे तीन रेघा म्हणजे ‘ट’, पाच खाचा म्हणजे ‘ई’. संपूर्ण लेख ‘डोव्हेटी माक्की कात्तिनी’ असा असून तो सगळा षष्ठीत आहे, म्हणजे ‘कात्तिनच्या मुलाचा, डोव्हेटचा’. काही लेखांत याच्या पुढे ‘मुकोई’ हा शब्द आणि कुळाचे नाव येते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा अर्ज आयुष्यभर भरत आलेल्या मराठी माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

नोंदीचा खरा गुंता मात्र वाचनात नसून जागेत आहे. बॅलिनरॅनिग येथील काही शिळा एकोणिसाव्या शतकात जमीनदार लॉर्ड व्हेंट्री यांच्या बर्नहॅम हाउसच्या आवारात नेण्यात आल्या. त्या वास्तूत आज मुलींची निवासी शाळा आहे. किलार्नीजवळच्या डनलो येथे रस्त्यालगत अर्धवर्तुळात ज्या आठ शिळा मांडल्या आहेत, त्यांतील सात 1838 साली कूलमागॉर्टच्या एका भुयाराच्या बांधकामात वापरलेल्या सापडल्या आणि आठवी किलबोनेनच्या चर्चमधून आणली गेली. अशा शिळेचा बिंदू मूळ जागी द्यावा, असा मोह अभ्यासूंना होतो. मात्र ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक असा की आज जमिनीवर जे आहे तेच नकाशावर दाखवायचे. म्हणून आम्ही बिंदू आजच्या जागी ठेवला आणि सापडल्याची जागा विकिडेटा या मुक्त माहितीकोशातील त्या शिळेच्या पानावर स्वतंत्र नोंदवली. हा भेद न पाळल्यास एकच शिळा दोन ठिकाणी दिसू लागते. म्हणूनच नवा बिंदू टाकण्यापूर्वी आसपासचे जुने बिंदू अवश्य तपासावेत.

डनलो येथे माझी चूक झाली. फोनच्या जीपीएसवर विसंबून मी आठ शिळांसाठी आठ बिंदू घेतले आणि रात्री मुक्कामी पाहतो तर दोन शिळा रस्त्याच्या मधोमध उभ्या! उघड्या आकाशाखालीही फोनची चूक पाच मीटरपर्यंत सहज जाते आणि येथे दोन शिळांमधले अंतर त्याहून कमी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन, हवाई छायाचित्रात स्पष्ट दिसणारा कुंपणाचा कोपरा धरून, साध्या मोजपट्टीने अंतरे घेतली. त्यामुळे दहा मीटरची मोजपट्टी, दिशादर्शक, वही आणि तिरपा प्रकाश पाडण्यासाठी एक विजेरी एवढे सामान न विसरता न्यावे.

मागून जाणाऱ्यांसाठी आणखी काही. डिंगलला रेल्वे नाही. ट्रॅलीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाता येते, परंतु विखुरलेल्या शिळांसाठी सायकल किंवा गाडी हवीच. बऱ्याच शिळा खासगी शेतांत आहेत, तेव्हा आधी घरी जाऊन विचारावे आणि फाटक जसे होते तसेच बंद करावे. शाळेच्या आवारात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकू नये. बॅलिंटॅगर्टला बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांना पुरत असत, त्यामुळे तेथे डबे उघडून बसणे बरे दिसत नाही. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा पाणी वापरू नये. परवान्याशिवाय धातुशोधक यंत्राने शोध घेणे आयर्लंडमध्ये गुन्हा आहे. छापील किंवा अन्य ऑनलाइन नकाशावरून बिंदू उतरवून घेणे परवान्याच्या दृष्टीने चालत नाही. स्वतः पाहिलेले तेवढेच भरावे.

वाचनाची खात्री नसेल तर लेखाचा रकाना रिकामा सोडावा आणि फक्त शिळेची जागा, प्रकार व सूचीतील क्रमांक भरावा. डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीजच्या प्रकल्पाने अनेक शिळांच्या त्रिमितीय प्रतिमा ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्या निघण्यापूर्वी पाहून घेतल्या तर जागेवर झिजलेल्या कडेत काय शोधायचे ते आधीच ठाऊक असते. आणि ज्यांना केरीपर्यंत जाणे जमत नसेल, त्यांना कॉर्कच्या विद्यापीठातील दगडी ओवरीत 28 शिळा एका छताखाली उभ्या दिसतील. पावसाच्या दिवशी सरावासाठी तेथेच जावे.