टेलिपोर्टेशनचे दोन साधे बिट

क्वांटम टेलिपोर्टेशनच्या, म्हणजे एका कणाची अवस्था दूरच्या दुसऱ्या कणावर जशीच्या तशी उभी करण्याच्या, बातम्या वाचल्या की माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी विनाविलंब पोहोचते, असा समज होतो. या समजापायी त्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट झाकली जाते, असे मला वाटते. बेनेट, ब्रासार आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेल्या या पद्धतीत दोन साधे बिट, म्हणजे ० किंवा १ अशा दोन नोंदी, साध्या मार्गाने, म्हणजे फोनने, रेडिओने किंवा अगदी पत्रानेही पाठवावेच लागतात. ते पोहोचेपर्यंत पलीकडच्या माणसाच्या हाती उपयोगाचे काहीही नसते. क्वांटम माहिती आणि आपली नेहमीची अभिजात माहिती यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर या दोन बिटांपासूनच सुरुवात करावी.

आधी मापनाचे पाहू. फोटॉनचे ध्रुवीकरण उभे, आडवे किंवा मधल्या कोणत्याही कोनात असू शकते आणि तो कोन अचूक लिहायचा तर दशांश चिन्हापुढचे आकडे संपतच नाहीत. आता प्रकाशाला उभ्या आणि आडव्या अशा दोन वाटांवर विभागणारा स्फटिक घेऊन प्रत्येक वाटेच्या टोकाला एकेक शोधक ठेवला आणि ४५ अंशांचा एकच फोटॉन आत सोडला, तर दोहोंपैकी एकच शोधक वाजतो. कोणता, हे आधी सांगता येत नाही, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी असते. वाजलेल्या शोधकाची नोंद ही अभिजात माहिती असते. ती वहीत लिहिता येते, फोनवर सांगता येते, तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. मूळ कोन मात्र त्या नोंदीवरून परत मिळवता येत नाही. मापन कितीही चतुराईने केले तरी एका क्यूबिटच्या, म्हणजे अशा फोटॉनसारख्या मापनात दोनच निकाल देणाऱ्या क्वांटम वस्तूच्या, आधारे एका बिटाहून अधिक माहिती पोहोचवता येत नाही, ही मर्यादा होलेवो यांनी १९७३ मध्ये सिद्ध केली. अर्थात, दोन्ही पक्षांकडे एकमेकांत गुंतलेले कण, म्हणजे ज्यांची अवस्था वेगवेगळी नव्हे तर एकत्रच सांगता येते असे कण, आधीपासून नसतील तरच ती अशी लागू होते.

मग मापनापूर्वीच फोटॉनच्या हजार प्रती का काढू नयेत? वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ मध्ये याचे उत्तर दिले. उभ्या आणि आडव्या फोटॉनांची अचूक नक्कल करणारे यंत्र बनवले, तरी त्यात ४५ अंशांचा फोटॉन घातल्यावर ४५ अंशांचे दोन फोटॉन बाहेर पडत नाहीत. एकमेकांत गुंतलेली जोडी बाहेर पडते, आणि त्या जोडीतल्या कोणत्याही एका फोटॉनला स्वतःचा असा कोन उरलेला नसतो. हे पुंजभौतिकीच्या समीकरणांच्या रेषीयतेतूनच येते, म्हणजे उभ्या-आडव्यांच्या मिश्रणाचे काय होणार हे त्या दोहोंचे काय होते यावरूनच ठरते. यंत्र अधिक चांगले बनवल्याने ते बदलत नाही.

आता ते दोन बिट. प्रथेप्रमाणे पाठवणारीला ॲलिस आणि घेणाऱ्याला बॉब म्हणू. गुंतलेल्या जोडीतला एकेक कण दोघांकडे आधीच आहे. ॲलिस आपला अज्ञात अवस्थेतला क्यूबिट आणि जोडीतला आपला कण यांचे एकत्रित मापन करते. त्याचे चार निकाल संभवतात आणि मूळ अवस्था कोणतीही असो, प्रत्येकाची शक्यता एक चतुर्थांश असते. निकाल कळवायला दोन बिट पुरतात. ते हाती आल्यावर बॉब आपल्या कणाला तसेच ठेवतो किंवा ठरलेल्या तीन बदलांपैकी एक करतो, आणि मूळ अवस्था त्याच्याकडे जशीच्या तशी उभी राहते. ॲलिसकडची अवस्था मापनातच नष्ट झालेली असल्यामुळे नक्कल कुठेच झालेली नसते.

मला थक्क करते ते पुढचे. ते दोन बिट वाटेत कोणी वाचले, तरी मूळ अवस्थेबद्दल त्याला तसूभरही कळत नाही, कारण चारही निकाल त्या अवस्थेवर अवलंबून नसतात. बॉबच्या कणाकडे निकाल न कळता पाहिले, तर तोही पूर्णपणे यादृच्छिक असतो. दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे काहीच सापडत नाही, आणि दोन्ही एकत्र आल्यावर मात्र काहीही बाकी राहत नाही. नक्कल शक्य असती तर बॉबने आपल्या कणाच्या अनेक प्रती काढून, ॲलिसचा निरोप येण्यापूर्वीच, तिने कशा प्रकारचे मापन केले हे ओळखले असते आणि संदेश प्रकाशापेक्षा वेगाने गेला असता. म्हणजे नकलेची मनाई आणि फोनची सक्ती या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलिपोर्टेशनच्या प्रयोगात चारपैकी एकच निकाल ओळखता येत होता. पुढे २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून मिशिअस उपग्रहापर्यंत, कमाल सुमारे १,४०० किलोमीटर अंतरावर, हे करून दाखवले. उलट दिशेचा व्यवहारही आहे: जोडी आधीच वाटलेली असेल, तर एक क्यूबिट पाठवून दोन बिट पोहोचवता येतात, हे बेनेट आणि वीझनर यांनी १९९२ मध्ये दाखवले. त्यात होलेवोंची मर्यादा मोडत नाही, कारण बॉबकडे अखेर दोन क्यूबिट जमा झालेले असतात.

संदेश सांकेतिक करण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली दोघांत वाटण्याची जी पद्धत बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये बंगळूरच्या परिषदेत मांडली, तिच्यातही निम्मे काम उघड बोलण्याचे आहे. फोटॉन पोहोचल्यावर दोघे, एकाने पाठवताना आणि दुसऱ्याने मोजताना यादृच्छिकपणे निवडलेल्या दिशा जाहीरपणे पडताळतात आणि न जुळणाऱ्या, सरासरीने निम्म्या, नोंदी टाकून देतात. मध्येच कोणी प्रत्येक फोटॉन मोजून पुन्हा पाठवला असेल, तर उरलेल्या नोंदींपैकी सुमारे २५ टक्के चुकीच्या निघतात आणि चोरी उघडकीस येते. हे संभाषण कोणीही ऐकले तरी चालते. पण ते खरोखर त्या दोघांमध्येच चालले आहे, याची खात्री मात्र असावी लागते, नाहीतर मधला माणूस ॲलिसपुढे बॉब आणि बॉबपुढे ॲलिस बनून दोघांशी वेगवेगळी किल्ली ठरवू शकतो. ती खात्री फोटॉन देत नाहीत. त्यासाठी दोघांकडे आधीपासून थोडी सामायिक गुप्त माहिती किंवा ओळख पटवण्याचे दुसरे विश्वासार्ह साधन असावे लागते.