खोली नंबर सांगा आणि मग बोला

गिरगावात वाडी म्हटली की सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असणारच, तसा आमच्याकडेही असतो. सकाळी झेंडा, मग पूजा, दुपारी पोरांची लिंबू-चमचा नि संगीत खुर्ची, संध्याकाळी स्टेज, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन. ह्याच्याबद्दल काय लिहिणार, कुठल्याही एका मंडळाचं बघितलं असेल तर सगळ्यांचंच बघितलंत समजा. नगरसेवक आले तर दहा मिनिटं बोलतात, नाही आले तर त्यांचं पत्र वाचतात, त्यालाही दहाच मिनिटं लागतात.

मी ज्याची वाट बघते तो भाग त्याच्यानंतर असतो. पत्रिकेत ‘जुन्या रहिवाशांचे मनोगत’ असं छापतात पण आम्ही सगळे त्याला ‘खोली नंबर’ म्हणतो, कारण माईक हातात घेतला की आधी खोली नंबर सांगायचा, मग मजला, मग नाव. हा नियम कोणी लावला माहीत नाही पण तो मोडलेला मी पाहिला नाही. बदलापूरहून एक काका येतात, सत्तरी कधीच ओलांडली, बायपास झालंय, तरी दोन जिने चढून आधी स्वतःच्या जुन्या दाराला हात लावून येतात मग खुर्चीत बसतात. माईकवर ते दुसरं काहीच बोलत नाहीत. “खोली एकवीस, दुसरा मजला, नळाच्या बाजूला” एवढं म्हणायचं नि मग डावीकडून सुरुवात. बावीसमध्ये कोण, तेवीसमध्ये कोण, कोणाकडे पहिला रेडिओ आला, कोणाच्या गॅलरीत पापड वाळत, कोणाचा मुलगा रात्रपाळीचा म्हणून दुपारी सगळ्या मजल्याने आवाज न करता वावरायचं. मजला पूर्ण होईपर्यंत थांबत नाहीत. मध्येच एखाद्या खोलीपाशी अडकतात, डोळे मिटतात, आणि मागून कोणीतरी ओरडतं “अहो सामंत!”, की गाडी पुढे. इतिहासाची भाषणं मी भरपूर ऐकलीत, पण माझ्या घशात काही अडकतं ते ह्या माणसाच्या वेळेला.

इतिहासाचं भाषण पण असतं हो आमच्यात, कार्यवाह करतात, आणि चांगलं करतात. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती, मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ ला आलम आरा लागला म्हणजे देशातला पहिला बोलपट आमच्या दारात, ह्या दोन गोष्टींवर टाळ्या ठरलेल्या. माझी तक्रार एवढीच की गिरगाव म्हणजे फक्त मराठी माणूस अशा थाटात ते सगळं जातं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या फणसवाडीच्या पारशी काकांकडे कोणी बघतसुद्धा नाही. फणसवाडीतली दादीशेठ आतशबेहराम, म्हणजे पारशांची सगळ्यात वरच्या दर्जाची अग्यारी, १७८३ ची आहे, ही केशवजी नाईकांच्या गणपतीच्या शंभर वर्षं आधीची गोष्ट झाली! त्याच फणसवाडीत बालाजीचं देऊळ, तिकडून चालत निघालात तर थोड्या वेळात सेंट टेरेसाचं चर्च, मध्ये गुजराती, कच्छी, सारस्वत, कोकणी, पाठारे प्रभू, सगळ्यांची घरं एकमेकांच्या भिंतीला लागून. ही सरमिसळ कोणी ठरवून केलेली नाही, पण ती होती म्हणून गिरगाव गिरगाव झालं असं माझं ठाम मत आहे.

खोताच्या वाडीचंच घ्या. दादोबा वामन खोत हे पाठारे प्रभू, त्यांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि तिथे ते लाकडी बंगले उभे राहिले, बाहेरून जिना, पुढे पडवी, वर कौलं. हे ईस्ट इंडियन लोक म्हणजे इथलेच, मुंबई-वसईकडचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. गोव्याहून नि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. एकेकाळी वाडीत पासष्ट बंगले होते असं सांगतात, आज निम्मेही नाहीत.

तिथली एक आंटी आमच्या पूजेला दरवर्षी येते, येताना डबाभर फुगे (त्यांच्याकडचे गोल तळलेले पाव) घेऊन येते, ते प्रसादाच्या शिऱ्याशेजारीच ठेवले जातात आणि शिऱ्याच्या आधी संपतात. तिला भाषण करायला सांगितलं तर म्हणते मला नाय जमत, पण लग्नाचं गाणं म्हण म्हटलं की लगेच उभी. लग्नाच्या आधी विहिरीवर जाऊन पाणी आणतात, उंबराचं पाणी, त्या वेळची गाणी. खरं तर सोबत घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, पाहिजे, आमच्याकडे तबलेवाला असतो तो बिचारा जमेल तसं धरतो. शब्द निम्मे कळतात, पण मालवणच्या आज्या ठेका धरतात नि शेवटच्या ओळीला सगळं पटांगण गातं. पारशी काका त्यांच्या गुजराती-मराठी खिचडीत म्हणतात, “आ बाईला माईक कशाला दिला, विरारपर्यंत ऐकू जाते.” दरवर्षी हाच जोक, आणि आम्ही दरवर्षी हसतो.

जतन जतन म्हणतात त्याचं काय, तेही ह्याच स्टेजवर निघतं. मुंबईत १९९५ ला हेरिटेजचे नियम आले, पण आमच्यासारख्या साध्या चाळीला कोण विचारतं. भाडं गोठलं ते १९४० च्या दरावर, त्यात मालक रंग तरी कशाला लावेल, मग दुरुस्ती मंडळाचे टेकू लागतात आणि टेकूंच्या मधून पोरं क्रिकेट खेळतात. एक बिल्डर तर कार्यक्रमातच ब्रोशर वाटून गेला होता. आता रॉयल ऑपेरा हाऊस किती सुंदर झालंय बघा, २०१६ ला परत उघडलं, मी मुद्दाम जाऊन आले, जीव सुखावला. पण ती वास्तू एका मालकाची, इथे एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं नि वीस मतं. मला स्वतःला सगळं जसंच्या तसं ठेवा असं म्हणवत नाही, रात्री दोनला कॉमन संडासाला जाणाऱ्या म्हातारीला विचारा हेरिटेज म्हणजे काय ते. तरी बाहेरचे जिने पाडून काचेचा टॉवर होणार म्हटलं की पोटात कालवतं. मेट्रोसाठी इमारती गेल्या तेव्हा तिथली ओळखीची माणसं पांगली, आता गिरगाव स्टेशन सुरू झाल्यापासून त्यातली काही त्याच मेट्रोने पूजेला येतात!

आभार. नावं मुद्दाम लिहीत नाही, एक राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं. तरी सांगते: पहाटे पटांगण धुणारी तळमजल्यावरची दोन्ही भावंडं, शिऱ्याचा अंदाज कधीच न चुकणाऱ्या बत्तीस नंबरच्या काकू आणि त्यांना तूप फुकट देणारे कोपऱ्यावरचे दुकानदार शेठ, खुर्च्या पाठवणारे डेकोरेटर, दरवेळी माईक शिट्टी मारतो म्हणून शिव्या खाणारे साऊंडवाले मामा, गुरुजी (दोन पूजा सोडून आमच्याकडे आले), वृद्धांना जिन्यावरून हाताला धरून आणणारी कॉलेजची मुलं, सगळ्या जुन्या माणसांना फोन करून गाडीच्या वेळा सांगणारी तिसऱ्या मजल्यावरची वहिनी, तबलेवाला, रांगोळीवाल्या मुली, तुटलेली तार रात्री अकराला जोडून देणारा इलेक्ट्रिशियन, आणि चपला सांभाळणारी आमची सोनी, वय वर्षं सात.

आणि आता थोडं बोलूनच टाकते. बदलापूर, डोंबिवली, वसईहून माणसं साडेचारला हजर असतात आणि ह्याच इमारतीतले काही लोक गॅलरीत उभं राहून वरूनच कार्यक्रम बघतात, खाली उतरतात ते थेट पुलावाच्या लाइनीत. ग्रुपवर मात्र ‘आपलं गिरगाव’ म्हणून रोज फोटो. पुढच्या वर्षी जेवणाची कुपनं ‘खोली नंबर’ चालू असताना खुर्चीवर बसलेल्यांनाच मिळणार, कमिटीत ठराव झालाय, सूचक मी आणि अनुमोदक शिऱ्यावाल्या काकू.