सर्किट आकृतीतील बाण, ठिपके आणि तुटक रेषा

हौशी रेडिओच्या सर्किट आकृत्या वाचायच्या असतील तर आधी चिन्हांचा तक्ता पाठ करावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते मूळ चिन्हे थोडीच आहेत. खरा अर्थ त्यांना जोडलेल्या बारीक खुणांत असतो. रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला विरोध करणारा घटक, अमेरिकी आकृत्यांत करवतीच्या दात्यांसारख्या रेषेने आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकाच्या आकृत्यांत आयताने दाखवतात, एवढे कळले की त्याचा विषय संपतो.

विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरपाशी मात्र थांबावे लागते. त्याच्या समांतर रेषांना छेदणारा तिरपा बाण असेल तर तो ट्यूनिंगसाठी फिरवायचा व्हेरिएबल कपॅसिटर, आणि बाणाच्या टोकाऐवजी आडवी दांडी असेल तर तो एकदा जुळवून तसाच ठेवायचा ट्रिमर. असे दोन व्हेरिएबल तुटक रेषेने जोडलेले दिसले, तर ते एकाच दांड्यावर फिरणारे गँग आहेत असे समजावे. सुपरहेट रिसीव्हरमध्ये, म्हणजे आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी आधी बदलून घेणाऱ्या रेडिओत, त्यांपैकी एक भाग अँटेनाकडून येणारा सिग्नल निवडतो आणि दुसरा ऑसिलेटरची, म्हणजे स्वतः सिग्नल निर्माण करणाऱ्या सर्किटची, फ्रिक्वेन्सी त्याच्याबरोबर सरकवतो.

कॉइलचे चिन्ह मला सर्वांत बोलके वाटते. नुसती वेटोळी म्हणजे हवेचा गाभा, शेजारी अखंड रेषा म्हणजे लोखंडी गाभा, आणि तुटक रेषा असतील तर बहुधा फेराइटचा (चुंबकीय सिरॅमिकचा) किंवा लोहचूर्णाचा. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांजवळचे ठिपके तर कधीही नजरेआड करू नयेत, कारण ठिपक्याची टोके एकाच क्षणी धन किंवा ऋण होतात. फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या, वेटोळ्याची टोके उलटी जोडली, तर बाकी सर्व जोडणी अचूक असूनही ऑसिलेटर सुरूच होत नाही.

ट्रान्झिस्टरचा बाण त्याच्या तीन टोकांपैकी एमिटरवर असतो आणि एनपीएन या प्रकारात तो बाहेर रोखलेला असतो, हे बहुतेकांना माहीत असते. चौकटीत मांडलेले, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे चार डायोड मात्र नीट पाहावेत. चारही बाण एकामागून एक त्याच दिशेने गोल फिरत असतील, तर तो दोन सिग्नल मिसळणारा रिंग मिक्सर होय. दोन बाण एका कोपऱ्यात येऊन मिळत असतील आणि समोरच्या कोपऱ्यातून दोन निघत असतील, तर तो वीजपुरवठ्यातील, एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर होय.