डिकीत काय ठेवायचं?

गाड्यांची स्केल मॉडेल्स करणाऱ्यांतही पंथ आहेत. फेरारीवाले, रॅलीवाले, ट्रकवाले. आणि कोपऱ्यात आम्ही चार-दोन स्टेशन वॅगनवाले, म्हणजे छत थेट मागपर्यंत गेलेल्या लांबुडक्या गाड्यांचे भक्त. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, वाणसामान आणणाऱ्या गाडीचं मॉडेल करायचंच कशाला, असं बाकीच्यांना वाटतं. माझं म्हणणं, वॅगनमध्ये लपवाछपवी चालत नाही. सेडानच्या डिकीचं झाकण लावलं की आत काय आहे हे कोण विचारतो? वॅगनला मात्र मागच्या तिन्ही बाजूंना काचा. सीटच्या पाठीपासून छताच्या अस्तरापर्यंत सगळं चव्हाट्यावर.

आमच्या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे शेव्हर्लेची नोमॅड. १९५४ साली जनरल मोटर्सने मोटोरामा प्रदर्शनात कॉर्व्हेट या आपल्या स्पोर्ट्स कारवर बेतलेली एक वॅगन मांडली. लोकांना ती आवडली, म्हणून तिच्या छताची धाटणी शेव्हर्लेच्या नेहमीच्या गाडीवर चढवली आणि १९५५ ते १९५७ ती विकली. दोनच दारं, छतावर मागे आडव्या खाचा, मागच्या दारावर क्रोमच्या उभ्या पट्ट्या. १:२५ मापात ही पाच मीटरची गाडी वीस सेंटिमीटरची होते आणि त्या पट्ट्या शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. त्यांवर चंदेरी फॉइल बसवायची, टूथपिकने दाबायची आणि कोऱ्या ब्लेडने कडा कापायच्या. त्या वेळी घरात कोणी दार आपटू नये एवढीच अपेक्षा असते.

लाकडी वॅगनचं प्रकरण आणखी मजेचं. अमेरिकेत आधी या गाड्यांच्या अंगावर खरं लाकूड असायचं. पुढे फोर्डच्या कंट्री स्क्वायरसारख्या गाड्यांवर लाकडाच्या छापाचं विनाइल आलं. म्हणजे आम्ही खोट्याचं खोटं करतो! खाली फिकट बदामी रंग द्यायचा, तो वाळला की बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, ऑइल कलर जवळजवळ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने ओढत न्यायचा. रेषा जाड आल्या की गाडीचा देव्हारा होतो.

पण मला हवी होती आपली टाटा इस्टेट. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९९२ मध्ये पुण्यात काढलेली, १९४८ सीसीच्या डिझेल इंजिनाची, पॉवर स्टीअरिंगवाली. गाडी देखणी होती. पण लांबुडकी गाडी दिसली की लोकांना ॲम्ब्युलन्स आठवायची. त्यात चूक तरी काय, ॲम्बॅसिडरच्या ॲम्ब्युलन्स सगळ्यांनी पाहिल्या होत्या. इस्टेटचं किट काही मला मिळालं नाही. मग फोटोंवरून आलेख कागदावर मापं काढली आणि एक मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून काचांमधले खांब कापले. छताचा बाक शीट गरम पाण्यात धरून आणला. पुट्टी लावा, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा लावा, हे चालूच. काचा शर्टच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून निघाल्या. त्या फेव्हिकॉलनेच चिकटवायच्या. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरट धुकं धरते आणि ते पुसलं जात नाही.

एवढं झालं की खरा प्रश्न येतो, डिकीत काय ठेवायचं? कॅलिफोर्नियाच्या गाडीत सर्फबोर्ड सरकवला की भागतं. पुण्याहून निघालेल्या इस्टेटमध्ये काय काय असेल, यावर आमच्या घरात अजून खल चालू आहे. बायको म्हणते, गाडी लग्नाला निघालीय, तर रुखवत पाहिजे. बाबांना जॅक आणि पाण्याचा कॅन दिसलाच पाहिजे, बाकीचं सगळं टपावर. टपावर ठेवायचं तर कॅरियर आला, म्हणजे रंगवलेल्या छताला भोकं पाडणं आलं, आणि त्याला माझा सक्त विरोध आहे. होल्डॉल, म्हणजे प्रवासातली अंथरुणाची वळकटी, मी चहाच्या वापरलेल्या पिशवीच्या कागदाचा केला. रंग आयताच बसला. आंब्याच्या पेटीवर मात्र सगळ्यांचं एकमत. दीड फुटाची पेटी इस्टेटच्या १:२४ मापात दोन सेंटिमीटरही भरत नाही, आइस्क्रीमच्या एका काडीत होते. आता तिच्यात पेंढा म्हणून काय भरायचं ते ठरत नाहीये. सुतळीचे धागे फार जाड दिसतात.