सतरा नंबरचा फॉर्म आणि हातातला फोन

पर्वती पायथ्याजवळ आम्ही काही जण संध्याकाळी जो वर्ग चालवतो, त्यात येणाऱ्या बहुतेक जणी धुण्याभांड्याची किंवा पोळ्यांची कामे करतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याची तयारी करतात. प्रौढांना आधी मोबाइल वापरायला शिकवले पाहिजे, असे शिकलेली मंडळी सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. भिशीचे पैसे यूपीआयने पाठवणे किंवा गावाकडच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे, यासाठी या बायका कोणाच्या शिकवणीवर अवलंबून नाहीत. अडते ते अभ्यासाच्या साहित्यापाशी.

बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की पूरक साहित्य उघडते, ही सोय मोलाची आहे. परंतु छापील पानासाठी मांडलेला मजकूर फोनवर वाचायचा म्हणजे पान मोठे करायचे, ओळीच्या टोकापर्यंत सरकवायचे आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा मागे आणायचे. या खटाटोपात वाक्याचा धागाच सुटतो, आणि चाळिशी लागलेली असेल तर विचारायलाच नको.

यावर त्यांनीच तोड काढली. एकीने इतिहासाचा धडा मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला, तो रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपच्या गटात टाकला आणि आता बाकीच्या जणी कणीक मळताना फोन डब्यांच्या फळीला टेकवून तो ऐकतात. बीजगणिताचे मात्र ऐकून भागत नाही. तिथे वहीच्या पानाचा फोटो येतो, आम्ही चुकलेल्या पायरीभोवती लाल गोल काढून तो परत पाठवतो आणि सोबत व्हॉइस मेसेज जोडतो.

एक अडचण मात्र फोननेच वाढवली आहे. बोलून टाइप केले की ऱ्हस्व-दीर्घ बहुतांशी आपोआप नीट उमटते, पण बोर्डाची उत्तरपत्रिका हातानेच लिहायची असते. म्हणून आम्ही टाइप केलेले उत्तर तपासत नाही. वहीत लिहून फोटो पाठवायचा, असा नियम आहे. त्यावर कुरकुर होते, आणि ती अगदीच अनाठायी नाही, कारण घरात एकच चांगला फोन असतो आणि संध्याकाळनंतर तो मुलांकडे जातो. त्यामुळे बरेचसे फोटो पहाटे, पाणी भरण्याच्या सुमारास येतात.