सायकल कुरियरने पाठवायची तर खोका आडवा पडणारच, हे धरून बांधा

खोक्यावर बाण काढा, लाल अक्षरांत ‘नाजूक माल’ लिहा, काही बिघडत नाही. पण ट्रक भरणाऱ्याला जागा बसवायची असते. सायकलचा खोका उंच आणि अरुंद, तो उभा राहत नाही. आडवा पडतो आणि त्याच्यावर दुसऱ्याचा माल चढतो. सायकल वरून बसणाऱ्या माणसाचं वजन आरामात पेलते, बाजूने आलेला दाब तिला सोसत नाही. त्यामुळे पॅकिंगचा सगळा विचार त्या बाजूच्या दाबाचा.

खोका सायकलच्या दुकानात मिळतो. नवी सायकल ज्यात येते तोच, फुकट किंवा किरकोळ पैशांत. पाच किंवा सात पदरी पुठ्ठ्याचा घ्या आणि हात घालायची भोकं फाटलेली नाहीत ना ते बघा. टेप घेऊन मापही घ्या, कारण कुरियरवाले काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. काही कंपन्यांचा भाजक यापेक्षा लहान असतो, तो आधी विचारा. १३५ × ७५ × २० चा खोका ४०.५ किलोचा धरला जातो, आत सायकल १३ किलोची का असेना. हाच खोका नीट न भरल्याने मध्ये फुगून २० चा २५ झाला, तर आकडा ५०.६ वर जातो, कारण माप सर्वांत जाड जागी घेतात. पाच सेंटिमीटरचं पोट दहा किलोंना पडतं.

आता सुटे भाग. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पाना किंवा क्रँकच्या मागच्या बाजूने ६ अथवा ८ ची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बहुतेकांना माहीत असूनही ऐन वेळी पाना उलटाच फिरतो. सोपी खूण अशी: पाना पेडलवर उभा, टोक वर करून लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा; दोन्ही पेडल असेच सुटतात. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, मग दांडा काढा. हँडलसाठी स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) पुढच्या पट्टीचे चार बोल्ट सोडा, हँडल आडव्या दांड्याला टांगा आणि पट्टी-बोल्ट लगेच जागेवर लावा. स्टेमच्या डोक्यावरच्या झाकणाला हात लावू नका. ते आणि स्टेम दोन्ही सैल झाले तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी भाग, खाली सरकतो आणि बेअरिंग सुटं होतं.

खरं नुकसान होतं ते डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेच्या) हँगरचं. फ्रेमला लागलेला हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे मार बसला तर तो वाकावा, फ्रेम नाही. तो दोन मिलिमीटर वाकला तरी गिअर उड्या मारायला लागतात, आणि बारीकसा बाक डोळ्याला दिसतही नाही. म्हणून मागचा डिरेलर ५ च्या अ‍ॅलन कीने काढा, चेन लावलेलीच ठेवा, बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला झिप टायने बांधा. काढायचा नसेलच, तर निदान चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर आणा. डिरेलर आत सरकतो. हँगर फ्रेमगणिक वेगळा असतो. सायकल मनालीला पाठवून लेहपर्यंत चालवायची असेल, तर एक जास्तीचा सोबत ठेवा.

दुसरी कमजोर जागा फोर्कची टोकं. चाक काढलं की दोन्ही पाय मोकळे, दाबले की जवळ येतात. नव्या सायकलीत तिथे प्लॅस्टिकची आडणी असते, दुकानदार ती फेकून देतो, त्याच्याकडून मागून घ्या आणि तिथे बसवा. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असेल तर तोच परत घाला. डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी अडकवा. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चाक नसताना दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही.

पुढचं चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला लावा, डाव्या क्रँकचा दांडा त्याच्या आऱ्यांमधून जाऊ द्या. क्विक रिलीजचा (चाक पान्याशिवाय सोडायच्या खटक्याचा) दांडा काढून पिशवीत टाका, नाहीतर त्याचं टोक खोका फोडून बाहेर येतं. त्याच्या छोट्या स्प्रिंगाही त्याच पिशवीत. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये पुठ्ठा घाला, फ्रेमच्या नळ्यांवर एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम चढवा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो, बबल रॅपपेक्षा टिकाऊ. टायरमध्ये थोडी हवा राहू द्या, रिमला तेवढीच गादी. शेवटी खोका हलवून बघा. आत काही वाजलं, तर प्रवासभर तेच आपटत राहणार. पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकचा कागद घाला, ओल्या पुठ्ठ्याला जोर नसतो.

ई-सायकलची बॅटरी आत ठेवू नका. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, तिचे नियम वेगळे.

कागदांमध्ये ओळखपत्राची प्रत आणि ‘वैयक्तिक वापराची जुनी सायकल, विक्रीसाठी नाही’ असं सहीचं पत्र द्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदातून) सूट आहे, पण काउंटरवरच्या सगळ्यांनाच ते ठाऊक असतं असं नाही. थोड्या पैशांसाठी किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. भरपाईही मग त्याच आकड्यापुरती मिळते. माल कुणाच्या जोखमीवर चालला आहे, मालकाच्या की वाहतूकदाराच्या, हे पावतीवर वाचा. पॅक करतानाचे फोटो, फ्रेम नंबरसकट, ठेवा.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणं पुणे-बंगळूर वगैरे मार्गांवर स्वस्त आणि एका रात्रीचं काम. पण तिथे बहुधा विमा नसतो, आणि सायकल बॅगांखाली जाते. स्वतः जाऊन चेनची बाजू वर ठेवून घ्या.

माल पोचल्यावर खोका फाटलेला, चेपलेला दिसला, तर सही करण्याआधी पोचपावतीवर लिहा: ‘खोका फाटलेला, आतला माल तपासायचा बाकी.’ डिलिव्हरीवाला घाईत असतो, कुरकुर करेल. त्याच्यासमोरच त्या पावतीचा फोटो काढा.