टोपलीखालची वाळू

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला कोकणातल्या वेळासच्या पुळणीवर आम्ही तीस-चाळीस माणसं दोरीला लागून उभी होतो. हॅचरीत, म्हणजे समुद्री कासवांची अंडी राखायला जाळी लावलेल्या जागेत, कासवमित्र, म्हणजे ती राखणारा गावातलाच मुलगा, घरट्यांवरची एकेक टोपली उचलून बघत होता. प्रत्येक टोपलीखाली नुसती वाळू. शेवटची टोपली होती तशी ठेवून तो जाळीच्या बाहेर आला आणि म्हणाला, "आज पिल्लं नाहीत. संध्याकाळी सहाला या."

माझ्या शेजारचे गृहस्थ रात्रभर गाडी चालवून आले होते. दोन लहान मुलं सोबत, दुपारी परत निघायचं होतं. त्यांनी अगदी अजिजीने विचारलं, "एखादं घरटं जरा उकरून बघता येणार नाही का? मुलांपुरतं?"

"नाही काका. त्यांची वेळ झाली की तीच वर येतात."

मला त्या कासवमित्राचं फार कौतुक वाटलं. वय असेल तेवीस-चोवीस. समोर पाहुणे उभे, तेही त्याच्याच गावातल्या घरांत उतरलेले, पैसे देऊन जेवणारे. 'नाही' म्हणायला जीव लागतो. घरट्यातली पिल्लं अंड्यातून फुटली की लगेच वर येत नाहीत. दीड फूट वाळूखाली ती काही दिवस एकमेकांच्या हालचालीने वर सरकत राहतात. वरची वाळू थोडी खचते, वाटीएवढा खळगा पडतो, मग वाळू थंड झाली की सगळी जवळपास एकदमच बाहेर पडतात. मधेच कोणी उकरलं तर अर्धवट तयार झालेलं, पोटाला अजून बलक चिकटलेलं पिल्लू हाती येतं.

हे मला आज माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी नव्हतं. तेव्हा कोकणातल्याच एका किनाऱ्यावर एका सहलीबरोबर गेले होते. तिथे पिल्लं घमेल्यात ठेवली होती आणि आम्ही रांगेने एकेक तळहातावर घेऊन फोटो काढत होतो. माझ्या तळव्यावर ते पिल्लू चारही वल्ही मारत होतं, थांबतच नव्हतं. मला वाटलं, किती गोड. त्याच्याजवळ खोल समुद्र गाठण्यापुरतीच बलकाची शिदोरी असते आणि ती ते माझ्या हातावर खर्चत होतं, हे पुढे वाचलं तेव्हा तो फोटो मी काढून टाकला. पण वल्ह्यांचा तो स्पर्श हातावरून गेला नाही. यंदा मार्चमध्ये आईला घेऊन वेळासला गेले, त्याच्या मागे हेच होतं.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला यायचं. तिथून फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, बाणकोट, आणि मग समुद्राच्या कडेकडेने वेळास. गाव मंडणगड तालुक्यात. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून पूर्वीपासून माहीत असलेलं. हॉटेलं नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. आम्ही ज्या काकूंकडे होतो त्यांच्या पडवीत केळीच्या पानावर कुळथाची पिठी, भात, फणसाची भाजी आणि सोलकढी. आईचं माहेर दापोली तालुक्यातलं, तिला तिथे पाहुणी म्हणून बसणंच जमेना. दुसऱ्या जेवणाला ती काकूंबरोबर नारळ खवत होती.

पहिल्या दुपारी पिल्लं दिसली नाहीत म्हणून कुरकुर करत मी जोत्यावर बसले होते, तेव्हा आई नारळ खवता खवता म्हणाली, "आमच्याकडे कासवाची अंडी दारावर यायची."

इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तिच्या लहानपणी सकाळी एक बाई हातात टोपली घेऊन यायची. वर ओलं फडकं, खाली अंडी. पिंगपाँगच्या चेंडूसारखी गोल, पण कवच मऊ, बोटाने दाबलं की खळगा पडायचा. अशक्त पोरांना चांगली, दम्याला चांगली, असं सगळे म्हणायचे. आजी घ्यायची. "कितीदा खाल्ली असतील," आई म्हणाली. काकूंनी मान हलवली. "इथेही तेच होतं हो. मादी रात्री वर आली की पहाटे तिच्या मागावरनं माणसं जायची. एखादं घरटं माणसाच्या हातून सुटलं तर कोल्ही-कुत्री होतीच."

तो माग मी दुसऱ्या दिवशी पाहिला. ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पण डावी-उजवी वल्ही आळीपाळीने टेकलेली. भरतीच्या रेषेपासून वर गेलेला आणि तसाच परत पाण्याकडे वळलेला. ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची मादी पस्तीस-चाळीस किलोची. मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि मग सगळं अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती वाळू चोपून बसवते. परत जाते ती पिल्लांचं तोंड न बघताच. पण तिला लपवता येत नाही तो हा माग, आणि तोच पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढणाऱ्यांना वाट दाखवत होता. आता पहाटे त्याच मागावरून कासवमित्र जातात आणि भरतीच्या पाण्यापासून, कोल्ह्यांपासून वाचवायला अंडी हॅचरीतल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात. ती उलटीसुलटी न करता, अलगद, आणि लवकरात लवकर हलवावी लागतात.

हा बदल कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा अंडी खाल्ली जातात, विकली जातात हे समजलं. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण नुसता कायदा दाखवून परत जायचं त्यांनी केलं नाही. गावात बसले, बोलले. ज्यांना माग ओळखता येत होता त्यांनाच राखणीचं काम दिलं. मग कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे घरोघर उतरू लागले. आज अंजर्ले, गुहागर, रत्नागिरी तालुक्यातलं गावखडी, वेंगुर्ल्याचं वायंगणी, अशा कितीतरी पुळणींवर वनविभाग, कांदळवन प्रतिष्ठान आणि गावकरी मिळून घरटी राखतात. काकूंना पाहुण्यांपासून चार पैसे सुटतात. त्यांच्या दृष्टीने कासव जगणं आणि चूल पेटणं आता एकाच बाजूला आहे. माझ्या मते वेळासने साधलेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर ओडिशाची ओळखपट्टी सापडली, २०२१ मध्ये तिकडे लावलेली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, असंच सगळे धरून होते. कासवमित्र हे सांगत होता तेव्हा घरच्या कोणाची बातमी सांगावी तसा त्याचा आवाज झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॅचरीकडून हाक आली. एका टोपलीखाली खळगा पडला होता. आम्ही दोरीमागे जाऊन उभे राहिलो. कासवमित्राने आधीच सांगितलं होतं: फ्लॅश नाही, दोरीपुढे पाऊल नाही, आणि सगळी पिल्लं पाण्यात जाईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. कारण आपल्या पावलाचा खड्डा आपल्याला टिचभर, पण त्यात पडलेल्या पिल्लाला ती विहीर.

टोपली उचलली. आधी काहीच नाही. मग वाळूचा एक कण हलला, त्याच्या शेजारचा हलला आणि एक काळपट नाक बाहेर आलं. डोळ्यांवर वाळू चिकटलेली. ते तसंच थांबलं, दमल्यासारखं. मग खालून कोणीतरी ढकललं असावं, कारण एका दमात चार बाहेर पडली, त्यांच्यावरून आणखी सात. सगळी मिळून बेचाळीस. त्यांना मोजून, पाटीत घेऊन, पाण्यापासून थोडं अलीकडे ओल्या वाळूवर सोडलं. पाण्यात नेऊन सोडत नाहीत. ते अंतर त्यांनी स्वतः चालायचं. जिथे जन्म झाला त्या किनाऱ्याची काहीतरी खूण त्यांच्यात तेव्हाच उमटते, आणि माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला त्याच भागात परततात, असं अभ्यासक मानतात.

पिल्लं उजेडाकडे जातात. मावळतीचा प्रकाश समुद्रावर होता म्हणून सगळी तिकडेच निघाली. एक मात्र मागे राहिलं. लाट आली, त्याला उचलून चांगलं दोन हात वर आणून टाकलं, उताणं. पोट वर, वल्ही हवेत. रांगेत कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. माझा हात दोरीखालून पुढे गेला होता. आईने माझं मनगट धरलं. काही बोलली नाही, नुसतं घट्ट धरून ठेवलं. पिल्लाने मान वाळूत रोवली, एक वल्हं टेकवलं आणि उलटलं. पुढच्या लाटेत ते गेलं. पाण्यावर एकदा डोकं दिसलं, मग दिसलं नाही.

आम्ही तरीही उभेच होतो. कासवमित्राने वहीत आकडा लिहिला, उरलेल्या टोपल्यांवर पुन्हा एकदा नजर टाकली आणि मग म्हणाला, "आता निघा. वरच्या अंगाने जा, सुरूच्या बाजूने."

परतताना अंधार झाला होता. वाळूत आईचा पाय मुरगळेल म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावला. चार पावलं गेलो असू.

"बंद कर तो," आई म्हणाली. "कोणी वर येत असली तर उजेड बघून मागे फिरेल."

मी टॉर्च बंद केला. सुरूच्या झाडांपर्यंत तिचा हात धरून, पाय चाचपत गेलो.